काळी पाचमधला स्का

सोलापुरात स्का वाजवणारा बँड उभा करायचा म्हटले की गिटार, बेस आणि ड्रम यांची जुळवाजुळव महाविद्यालयाच्या आवारातच होऊन जाते. घोडे अडते ते फुंकवाद्यांपाशी. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्याशिवाय स्काला रंग चढत नाही, आणि ही वाद्ये शिकलेली आमच्या वयाची मुले आम्हांला शोधूनही सापडली नाहीत. वाद्ये वाजवणारी माणसे मात्र शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवात जी बँडपथके वाजवतात, त्यांच्याकडे ट्रंपेट आहे, सॅक्सोफोन आहे, क्लॅरिनेट आहे आणि पितळेचा भलामोठा युफोनियमही आहे. आमच्या बँडला आज शहरात जे ऐकणारे आणि नाचणारे लोक लाभले आहेत, ते या पथकांतल्या माणसांच्या वाटेने आले. कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार नसलेल्या आणि पदरमोड करून चालणाऱ्या बँडला स्वतःच्या गावात श्रोता कसा मिळत जातो, याचा आमच्यापुरता अनुभव येथे मांडत आहे.

ज्यांनी स्का ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे हे संगीत आकाराला आले. तिथले मेंटो हे लोकसंगीत, कॅरिबियन बेटांवरचे कॅलिप्सो आणि अमेरिकेतून येणारे जॅझ व ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून ते घडले आणि १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा तो देश याच तालावर नाचत होता. कहरव्याच्या आठ मात्रा डोळ्यांसमोर आणल्या तर स्काची घडण चटकन कळते. बेस पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर चालत राहतो, ड्रमचा मुख्य ठोका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो आणि गिटार मधल्या, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर एक आखूड, कापल्यासारखा आघात देते. त्या आघातामुळे पाय आपोआप उचलला जातो. या सगळ्याच्या वर फुंकवाद्ये धून वाजवतात.

या इतिहासातला एक भाग मला सोलापूरच्या संदर्भात फार मोलाचा वाटतो. १९६४ मध्ये स्थापन झालेला 'द स्कॅटलाइट्स' हा स्काचा आद्य वाद्यवृंद मानला जातो, आणि त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, जॉनी मूर हे वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूल या शाळेत शिकलेले होते. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही गरीब आणि निराधार मुलांची शाळा होती. तिथे मुलांना हाताला काम मिळावे म्हणून निरनिराळे व्यवसाय शिकवत आणि शाळेचा स्वतःचा बँडही होता. त्या बँडमध्ये घडलेली मुले पुढे वाद्यावर पोट भरू लागली, आणि त्यांच्यातल्याच काहींनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून एक नवे संगीत घडवले. म्हणजे स्का जन्माला घातला तो हजेरीवर वाजवणाऱ्या, बँडच्या धंद्यातल्या माणसांनी. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री या मोटारकारखान्यांच्या गावात 'टू टोन' या नावाने स्काची दुसरी लाट उसळली. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र वाजवायचे, हा तिचा आग्रह होता आणि काळ्या-पांढऱ्या चौकटी हे तिचे चिन्ह होते. आपल्याकडे दिल्लीच्या 'द स्का व्हेंजर्स' या बँडने हे संगीत भारतीय रंगमंचावर ठामपणे आणले. गिरण्यांच्या आणि मागांच्या गावात वाढलेल्या आम्हा मुलांना हे संगीत आपले वाटले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

आषाढ लागला, लग्नसराई संपली आणि पथकांना थोडी उसंत मिळाली, तेव्हा आम्ही एका बँडमास्तरांकडे गेलो. त्यांचे नाव येथे घेत नाही. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. त्यांचा ट्रंपेट मेरठचा आहे, जसा देशातल्या बहुतेक पथकांचा असतो. आम्ही मोबाइलवर स्कॅटलाइट्सचे वादन ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, पुन्हा लावायला सांगितले आणि मग विचारले, "ही काळी पाच आहे का?" गिटारवर शिकलेल्या मला तो प्रश्न कळायलाच वेळ लागला. मास्तर पेटीच्या पट्ट्यांनी बोलतात. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, आणि ट्रंपेटचा घरचा षड्ज तिथेच असतो. आम्ही आमची गाणी गिटारला सोयीच्या ई आणि ए या पट्ट्यांत बांधली होती. त्या पट्ट्यांत ट्रंपेटवाल्याला जवळजवळ प्रत्येक स्वरासाठी पिस्टनची अवघड जुळणी करावी लागते आणि जलद लयीत वादन गढूळ होते.

मग सगळी गाणी काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत हलवली. त्याचा एक फायदा गिटारलाही झाला. ई पट्टीत मोकळ्या तारा घुमत राहतात. काळी पाचमध्ये जवळजवळ सगळे कॉर्ड बार धरून, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून, वाजवावे लागतात, आणि बार धरला की डाव्या हाताची पकड किंचित सैल करताच आवाज जागच्या जागी बंद होतो. स्कातला तो आखूड आघात याच पकडीतून निघतो. फुंकवाद्यांची सोय पाहायला गेलो आणि आमच्या गिटारचा बाज सुधारला. ट्रॉम्बोनची अडचणही मास्तरांनीच सोडवली. त्यांच्या पथकात घसरत्या नळीचा ट्रॉम्बोन नव्हता, पण युफोनियम होता. दोहोंचा आवाका जवळपास सारखाच असतो. युफोनियमचा आवाज अधिक गोल आणि मऊ आहे, त्यामुळे आमचा स्का इतर ठिकाणच्या स्कापेक्षा थोडा जाड अंगाचा वाटतो. मला तो तसाच आवडतो.

खरी मेहनत थांबण्याची होती. वरातीत वाजवणारा वादक तासन्‌तास अखंड वाजवतो. उघड्या रस्त्यावर, गर्दीच्या आवाजावर मात करत, छातीतून हवा काढत. स्कामध्ये फुंकवाद्ये चार मात्रांची धून वाजवतात आणि गप्प बसतात, गायकाची ओळ संपली की पुन्हा येतात. सरावाच्या दिवसांत मास्तर म्हणाले ते वाक्य मी विसरलेलो नाही : "वरातीत आम्ही थांबलो की नवरदेव थांबतो बे. इथं थांबायचंच शिकायला लागतंय." सत्तरीकडे झुकलेला माणूस, ज्याच्या हाताखाली शहरातले कितीतरी वादक तयार झाले, तो माझ्यासारख्या पोराच्या हाताच्या खुणेकडे पाहत गप्प राहण्याचा सराव करत होता, हे पाहून आमच्या ड्रमरने कधीही सरावाला उशीर केला नाही.

हा ड्रमर लेझीम मंडळातला. सोलापूरच्या गणेशोत्सवात लेझीमला केवढा मान आहे हे बाहेरच्यांना सांगावे लागते. उत्सवाच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी मंडळांचे सराव सुरू होतात आणि हलगीचा कडकडाट गल्लीगल्लीतून ऐकू येतो. तो लहानपणापासून हलगी वाजवत आला. हलगीवर उजव्या हाताचे टिपरू मुख्य ठोका देते आणि डाव्या हातातली बारीक काडी मधल्या जागा भरत राहते. मधल्या मात्रा अंगात मुरलेल्या माणसाला स्का शिकवावा लागत नाही. त्याने ड्रमच्या संचाशेजारी हलगी टांगली आणि काही गाण्यांत तीच वाजते.

सरावाची जागा पूर्व भागातली. आमच्या बेसवाल्याच्या काकांच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले काही माग विकले गेले होते आणि शेडचा एक भाग मोकळा पडला होता. शेजारीपाजारी सगळीकडे माग चालू असतात, त्यामुळे ड्रमचा आणि पितळी वाद्यांचा आवाज कोणाला खुपत नाही. याच शेडमध्ये आम्हांला पहिले श्रोते मिळाले. तत्पूर्वी महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजवून झाले होते. तिथे गर्दी भरपूर असते, टाळ्याही पडतात, पण ती गर्दी आपापल्या मित्रमैत्रिणींना पाहायला जमलेली असते. कार्यक्रम संपला की बँडचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही. शेडमध्ये तसे नव्हते. चहाच्या सुट्टीत बाहेर आलेले कामगार दारात उभे राहून ऐकू लागले, त्यांची मुले आत येऊन बसू लागली, आणि मग आम्ही रविवारी दुपारी दार उघडे ठेवूनच सराव करायचा असे ठरवले.

त्या दुपारींनी आम्हांला पुष्कळ शिकवले. आपल्याकडचे लोक टाळी सरळ मात्रेवर देतात. परदेशी संगीत वाजवणारे अनेकजण श्रोत्यांना उलटी टाळी शिकवायला जातात आणि त्यात अर्धा कार्यक्रम निघून जातो. आम्ही टाळी जिथे पडते तिथेच पडू दिली, एका गाण्यात ड्रम पूर्ण बंद केला आणि लोकांच्या टाळीलाच ड्रम मानून मधल्या मात्रांवर गिटार लावली. टाळी आणि गिटार एकमेकींत दातेरी चाकांसारख्या बसल्या. टाळी देणाऱ्याला कळते की आपण थांबलो तर गाणे थांबेल. तेव्हापासून तो बाजूला उभा राहून ऐकणारा माणूस राहत नाही.

गाण्यांच्या भाषेचा प्रश्नही त्याच शेडमध्ये सुटला. आम्ही आरंभी इंग्रजी गाणी वाजवत होतो, कारण स्का इंग्रजीतच ऐकला होता. पण पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट रस्त्याकडे कानडी ऐकू येते, दखनी तर सगळीकडेच आहे आणि या सर्वांना जोडणारी मराठी. आमचे पहिले स्वतःचे गाणे पाण्यावर झाले. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते, आणि ज्या रात्री येणार असते त्या रात्री गल्ली जागी असते. बेसवाल्याच्या आईने शेजारणीला दिलेली हाक त्या गाण्याचे ध्रुपद झाली. गायक विचारतो, "आलं का?" आणि लोक ओरडतात, "नाही!" पुन्हा विचारतो, पुन्हा नाही. तेलुगूत विचारतो, दखनीत विचारतो, दोन्ही वेळा नकारच येतो. शेवटच्या फेरीत तो काहीच विचारत नाही, सगळी वाद्ये थांबतात, आणि युफोनियमवर पाइपातून हवा निघाल्यासारखा एक लांब खालचा स्वर येतो. तो ऐकताच बायाबापड्या हसत उठतात, "आलं, आलं" असा गलका होतो आणि ट्रंपेट, सॅक्सोफोन, हलगी सगळे एकदम सुटतात. ही जागा आम्ही बसवलेली नव्हती. युफोनियमवाल्या अण्णांनी एका रविवारी सहज तो स्वर काढला, समोरच्या आजी उठून उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वेळेपासून ती गाण्याचा भाग झाली. जमैकातल्या ध्वनिक्षेपकवाल्यांच्या जलशांत निवेदक तबकडीवर बोलून लोकांना असेच बोलते करत; सवाल-जवाबाची आणि भारुडाची सवय असलेल्या आपल्या लोकांना तर ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही.

जो माणूस दोन-तीनदा येतो त्याला काहीतरी काम द्यायचे, हा आमच्या कीबोर्डवालीचा नियम. कोणी चित्रीकरण करतो, कोणी तारा गुंडाळतो, कोणी पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आपल्या गल्लीत पोहोचवतो. तिने एका वहीत प्रत्येकाचे नाव, गल्ली आणि त्याला आवडलेले गाणे लिहून ठेवले आहे. कार्यक्रमाचा फलक सगळ्यांना एकदम पाठवण्याऐवजी ती प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवते. हे काम वेळखाऊ आहे आणि बँडमध्ये त्याची वाखाणणी क्वचितच होते, पण माझ्या मते आमच्या चाहत्यांची संख्या वाढण्यात त्या वहीचा वाटा कोणत्याही गाण्याइतका आहे.

शहराला आमची ओळख झाली ती गणेशोत्सवात. ड्रमरच्या मंडळाने मंडपासमोर एका संध्याकाळी वाजवायला बोलावले. ध्वनिक्षेपकाची परवानगी मंडळाचीच होती, रात्री दहाच्या आत आटोपायचे होते. ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्याला डीजेची सवय; त्याने खर्जाचे भोंगे लावून ठेवले होते आणि गिटार ऐकूच येत नव्हती. मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितले, "बाबा, जमीन हलवायची नाही, पाय हलवायचेत." त्याने खर्ज उतरवला, मधल्या स्वरांचा आवाज वर घेतला, तीन फुंकवाद्यांसमोर एकच माइक थोडा लांब ठेवला. वादकांनीच मागेपुढे सरकून आपला तोल सांभाळायचा, ही पथकातली जुनी रीत त्या एका माइकवर उत्तम चालली.

तिसऱ्या गाण्याच्या सुमारास सराव संपवून लेझीमवाली मुले-मुली घोळक्याने आली. हातात लेझीम होतीच. त्यांचा म्होरक्या शिट्टीवर सगळ्यांना खेळवतो. तो काही वेळ नुसता ऐकत उभा राहिला, पायाने लय धरली आणि शिट्टी फुंकली. बेसच्या चालत्या मात्रांवर पावले पडू लागली आणि लेझीमचा छणत्कार गिटारच्या जागेवर येऊन बसला. मी आजवर ज्या मात्रांसाठी मनगट दुखेपर्यंत सराव केला होता, त्या मात्रा समोरची सगळी रांग एकदम वाजवत होती. मी गिटार बंद केली. गरजच नव्हती. मास्तरांनी ट्रंपेट वर उचलला तेव्हा म्होरक्याने शिट्टीने डाव बदलला, रांग वाकली, वळली, आणि फुंकवाद्ये थांबली की तीही जागीच थांबली. कोणी कोणाला काही शिकवलेले नव्हते. त्या रात्रीनंतर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळांकडून विचारणा येऊ लागली, आणि विचारणारे म्हणत, "ते लेझीमवर चालणारं वाजवता ना, तेच." स्का हा शब्द त्यांच्या तोंडी नंतर आला.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत मास्तर आणि अण्णा त्यांच्या पथकाच्या कामात बांधलेले असतात, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जे वाजायचे ते परंपरेने ठरलेले आहे. तिथे आमचे संगीत नेण्याचा विचारही आम्ही केला नाही. मात्र त्याच थंडीत हुरडा पार्ट्या भरतात. मालदांडी ज्वारीची कणसे भाजून, शेंगाचटणी आणि गुळासोबत हुरडा खायला कुटुंबेच्या कुटुंबे शेतावर जातात, आणि शेतमालक करमणुकीची काही सोय ठेवतात. शेतावर वीज बेताची, म्हणून आम्ही एक लहान ॲम्प्लिफायर, हलगी आणि फुंकवाद्ये एवढ्यावरच वाजवतो. पितळी वाद्यांना ध्वनिक्षेपक लागत नाही, त्यामुळे जिथे दुसरा बँड वाजवूच शकत नाही तिथे आम्ही वाजवतो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच वेळी समोर असतात आणि दुसरीकडे जायला कोणाला जागा नसते. श्रोते मिळवायला याहून चांगली बैठक मला ठाऊक नाही.

पैशांचे सांगतो. फुंकवाद्यांच्या तिघांना लग्नाच्या ऑर्डरीत जी हजेरी मिळते, तेवढी प्रत्येक कार्यक्रमाच्या बिदागीतून आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचे, असे पहिल्या दिवसापासून ठरले आहे. पुष्कळदा उरत काही नाही. आम्ही चौघे नोकरी करतो किंवा शिकतो. त्यांचे घर त्या वाद्यावर चालते. सोबत वाजवणाऱ्याची हजेरी बुडवून कलेच्या गप्पा मारणे मला मान्य नाही, आणि ज्या नव्या बँडांना स्थानिक बँडपथकातले वादक सोबत घ्यायचे आहेत त्यांना मी हेच आधी सांगतो. लग्नसराईत त्यांच्या ऑर्डरीला पहिला मान असतो, आमच्या कार्यक्रमाच्या तारखा त्यांच्या वहीप्रमाणे ठरतात.

थोडेफार उत्पन्न टॉवेलमधून होते. इतर बँड टी-शर्ट विकतात. आम्ही टेरी टॉवेलच्या गावात राहतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा नॅपकिन विणून मिळेल का, असे काकांच्या ओळखीच्या कारखानदाराला विचारले, तर त्यांनी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नमुना काढून दिला. जॅकार्डच्या दुरंगी टॉवेलची गंमत अशी की उजव्या बाजूला जिथे काळे असते तिथे मागच्या बाजूला पांढरे येते, त्यामुळे नाचताना खांद्यावरचा टॉवेल उलटा झाला तरी चौकट चौकटच राहते. नाचून घाम आलेल्या माणसाला टॉवेल लागतोच. आता कार्यक्रमाला येताना लोक तो गळ्यात घालून येतात, आणि नवी पेठेत किंवा सात रस्त्याला एखाद्या अनोळखी मुलाच्या खांद्यावर ती चौकट दिसली की आम्ही थांबून बोलतो.

ध्वनिमुद्रणही शेडमध्येच केले, आजूबाजूचे माग बंद असण्याच्या सुट्टीच्या दिवशी. गाणी ऑनलाइन आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : ऐकणाऱ्यांत पुण्याचे लोक सोलापूरकरांच्या बरोबरीने होते. चौकशी केली तेव्हा कळले की ती आपलीच मुले आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसने शिकायला आणि नोकरीला गेलेली. गावातला निम्मा तरुण श्रोता गावाबाहेर राहतो. पुण्यात एकदा जाऊन वाजवले. टेम्पोचे भाडे निघाले नाही, मात्र समोर सोलापूरचेच चेहरे होते आणि पाण्याच्या गाण्याला त्यांनी दिलेले उत्तर शेडमधल्यापेक्षा मोठे होते. तेव्हापासून मोठे कार्यक्रम आम्ही ही मुले घरी येतात तेव्हाच, म्हणजे दिवाळीत आणि गणपतीत ठेवतो. ती येताना पुण्याचे मित्र घेऊन येतात आणि आईवडिलांना हाताला धरून आणतात.

कंपनीशी करार नाही याचे आम्हांला वैषम्य नाही. ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क आमच्याकडे आहेत, मंडळाने एखादे गाणे मिरवणुकीत लावायचे म्हटले तर होकार देण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. गीतकार आणि संगीतकार म्हणून, गाण्यांचे स्वामित्वधन गोळा करून देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे नोंदणीची कागदपत्रे मात्र नेटाने पूर्ण करत आहोत, कारण करार नसलेल्या बँडचे हे काम दुसरे कोणी करत नाही.

सध्या चातुर्मास आहे, त्यामुळे तिघेही वादक मोकळे आहेत आणि आठवड्यातून अनेक संध्याकाळी शेड भरलेली असते. मास्तरांनी कामगारांच्या मुलांपैकी काहींना ट्रंपेटवर नुसता श्वास धरायला शिकवणे सुरू केले आहे. वाद्य एकच असल्याने मुले माउथपीस धुऊन आळीपाळीने घेतात, आणि टॉवेलच्या पैशातून मेरठहून एक जुना ट्रंपेट मागवायचे ठरले आहे. दिवाळीसाठी नवी गाणी बसत आहेत. त्यांतले एक काळी दोनमध्ये आहे, कारण ऑल्टो सॅक्सोफोनला ती पट्टी सोयीची पडते आणि या गाण्याची मुख्य धून आमच्या सॅक्सोफोनवाल्याने स्वतः बांधली आहे. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची गाणी वरातीत वाजवली. या गाण्याच्या नोंदणीच्या अर्जात संगीतकाराच्या रकान्यात त्याचे नाव पहिले लिहिले आहे.